पणजोबांची दोन तोंडांची वही : एका बाजूला संस्कृत, दुसऱ्या बाजूला हिशेब

रोजकीर्द

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात पुण्यातलं रविवार पेठेतलं आमचं घर रिकामं केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पंचांगांच्या खाली पणजोबांची शाळेची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानातल्या चोपडीसारखी उभी. आत साल लिहिलंय १९०९, खाली नाव आणि इयत्ता. शाळेचं नाव शाईच्या डागाखाली गेलंय. खासगी शाळा होती आणि 'सकाळी संस्कृत, दिवेलागणीला हिशेब' असा तिचा परिपाठ होता, एवढंच आजोबा सांगायचे.

ही वही दोन्ही बाजूंनी सुरू होते. पुढून उघडली की रामः रामौ रामाः. मग संधी, समास आणि संस्कृत वाक्यांची इंग्रजी भाषांतरं. उलटी करून मागून उघडली की जमा आणि नावे (आलेले आणि दिलेले पैसे), रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खात्यांनुसार नोंदी), महिनाअखेरची तेरीज (गोळाबेरीज). इंग्रजी अक्षर टाकानं काढलेलं, लपेटदार आणि उजवीकडे झुकलेलं. मोडी बोरूनं लिहिलेली, कारण तिथली शाई जाड उतरली आहे आणि पानामागे उमटली आहे. दोन्हीकडची पानं भरत भरत मधोमध भेटतात. तिथं मोडीतली तीन पानं आहेत, ती मला वाचता येत नाहीत.

पणजोबा पुढे रविवार पेठेतच एका पेढीवर कीर्द लिहायला बसले आणि त्यातच त्यांचं आयुष्य गेलं. पण रोज पहाटे रघुवंशाचा एक सर्ग म्हटल्याशिवाय ते चहा घेत नसत. ही दोन माणसं एकात कशी राहत होती, याचं मला लहानपणापासून कुतूहल आहे. आपण हल्ली दहावीनंतर मुलांना दोन रांगांत उभं करतो, आर्ट्स नाहीतर कॉमर्स. ही वही बघितल्यावर वाटलं, की त्या काळच्या एका मास्तरांना तरी ती रांग मान्य नव्हती.

अशा शाळांबद्दल, म्हणजे इंग्रज अमदानीतल्या, लोकांनी स्वतः काढलेल्या आणि संस्कृतही शिकवणाऱ्या, पोटाचंही बघणाऱ्या शाळांबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा. घरच्या आठवणीही चालतील.

पेरुगेटकर

उत्तम धागा. वही जपून ठेवा, लॅमिनेशन वगैरे अजिबात करू नका.

पुण्याच्या खासगी शाळा म्हटलं की सगळे न्यू इंग्लिश स्कूलपासून सुरुवात करतात. त्याच्याही आधी वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली होती. हो, तेच फडके, ज्यांनी पुढे सशस्त्र बंड केलं. तीच पुढची भावे स्कूल आणि महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. मी त्या शाळेचा विद्यार्थी, म्हणून आधी हे नोंदवतो.

आता न्यू इंग्लिश स्कूल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत टिळक आणि नामजोशी यांना बरोबर घेऊन शाळा उघडली. वामन शिवराम आपटे त्याच वर्षी आले, आगरकर एम.ए. होऊन पाठोपाठ. लोकांना 'केसरी' आठवतो, पण आधी शाळा आणि मग, १८८१ च्या जानेवारीत, वर्तमानपत्रं हा क्रम लक्षात घ्या. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदांनी वीस वर्षं द्यायची, पगार ७५ रुपये. सरकारी खात्यात याच माणसांना याच्या कितीतरी पट मिळाले असते.

शाळेचं नाव झालं ते मात्र संस्कृतमुळे. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. नव्या शाळेची मुलं ती पहिल्या काही वर्षांतच पटकावू लागली. पालकांना आणखी काय पाहिजे? त्यामागे आपटे होते. संस्कृत रचनेवरचं त्यांचं पुस्तक १८८१ चं, मोठा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा, आणि १८९२ मध्ये ते वारले तेव्हा वय अवघं ३४. शाळा आणि कॉलेज चालवता चालवता या माणसानं कोश केला! मला आजही याचं नवल वाटतं.

अनुष्टुभ

पेरुगेटकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. मी पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणून हे जवळचं आहे.

आपण समजतो की त्या काळातलं संस्कृत म्हणजे पाठशाळेतलं, अमरकोश आणि समासचक्र घोकण्याचं. या शाळांतलं संस्कृत तसं नव्हतं. मुंबई विद्यापीठानं सुरुवातीच्या काळातच वरच्या परीक्षांतून मराठीला बाजूला सारलं आणि अभिजात भाषांना जागा दिली. त्यामुळे इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, फारसी, लॅटिन असं काहीतरी घ्यावंच लागे. संस्कृत शिकवायचं ते इंग्रजीतून. रा. गो. भांडारकरांची दोन्ही प्रवेश-पुस्तकं, 'मार्गोपदेशिका' आणि तिच्या पुढची, नावानं संस्कृत, पण नियम आणि स्पष्टीकरण इंग्रजीत. आपट्यांचं पुस्तकही इंग्रजीत.

म्हणजे रोज काय घडत होतं ते बघा. मुलगा संस्कृत वाक्य घेतो, विभक्ती सोडवतो, कर्ता-कर्म जागेवर लावतो आणि त्याचं नेमकं इंग्रजी वाक्य करतो. मग इंग्रजीचं पुन्हा संस्कृत. रोजकीर्द, तुमच्या वहीत पुढच्या बाजूला इंग्रजी आहे ते यामुळेच. हा मुलगा साहेबाच्या कचेरीत गेला की पत्राचा मसुदा करताना अडत नसे. संस्कृतच्या तासानं त्याचं इंग्रजी घडत होतं. पोटापाण्याची विद्या मागच्या पानांवरच होती असं नाही, ती पुढच्या पानांवरही होती.

ताळेबंद

वाचतोय. मी निवृत्त सी.ए. असल्यामुळे मला मागच्या बाजूचीच ओढ जास्त.

रोजकीर्द, एक बघून सांगाल का? त्या वहीत जमा डावीकडे आहे की उजवीकडे? आपल्या देशी पद्धतीत डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला नावे. विलायती पद्धतीत नेमकं उलटं, नाव्याची बाजू डावी. दोन्ही पद्धती शिकणाऱ्या पोराची पहिले सहा महिने हमखास त्रेधा उडायची. माझे वडील १९३० च्या सुमारास मुंबईत रात्रीच्या क्लासला जात. ते सांगायचे, की मास्तर पहिल्या दिवशी मुलांना डाव्या मनगटाला सुतळी बांधायला लावत. नाव्याचा हात कुठला, हे विसरू नये म्हणून.

रोजकीर्द

ताळेबंदकाका, आत्ता वही उघडून पाहिली. पहिल्या वीस-एक पानांवर जमा डावीकडे. मग एका पानावर मधोमध उभी रेघ ओढून इंग्रजीत शीर्षक आहे आणि तिथून बाजू बदलली आहे. त्या पानावर चार नोंदी खोडून पुन्हा लिहिल्यात. एका खोडलेल्या नोंदीवर लाल शाईत मास्तरांनी काढलेलं बोट आहे, म्हणजे हाताचं चित्र, तर्जनी डावीकडे दाखवणारं. इतके दिवस मला वाटत होतं की कुणीतरी गंमत म्हणून काढलंय.

गिरणगाव

धागा छान आहे, पण एक बाजू अजून आलेली नाही. ती मांडतो. राग मानू नये.

या शाळांत संस्कृत होतं खरं, पण ते कुणासाठी होतं? बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. ती खासगी नव्हे, सरकारी शाळा. तिथेसुद्धा संस्कृतच्या शिक्षकानं अस्पृश्य म्हणून शिकवायला नकार दिला आणि दोघा भावांना फारसी घ्यावी लागली. बाबासाहेबांनी हे स्वतः सांगून ठेवलंय. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टानं मिळवलं. सरकारी छपराखाली ही गत, तर पेठांमधल्या वाड्यांत भरणाऱ्या शाळांत काय असेल याचा विचार करा.

त्याच एल्फिन्स्टन हायस्कूलमधून पाच वर्षांनी, १९१२ ला, चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांना संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवादही केला. संस्कृत आणि अर्थकारण एका माणसात नांदण्याचं याहून मोठं उदाहरण नाही. मला देशमुखांबद्दल नितांत आदर आहे. पण शाळा तीच, विषय तोच, आणि एका मुलाला दार उघडं तर दुसऱ्याला बंद. बाबासाहेबही पुढे अर्थशास्त्रातच गेले आणि रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनला प्रबंध लिहिला. या दोघांना एकाच संस्कृतच्या वर्गात बसता आलं असतं तर? हा प्रश्न मनातून जात नाही.

म्हणून 'शाळेनं दोन्ही दिलं' असं म्हणताना दोन्ही कुणाला दिलं, हे विचारावंच लागतं.

अनुष्टुभ

गिरणगाव, राग कसला? माझ्या विषयाच्या माणसानं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. ज्या शिक्षकानं नकार दिला तो माझ्याच खुर्चीत बसत होता असं मी धरून चालतो. त्याच्याकडे पाणिनी असेल, पण त्यानं एका विद्यार्थ्याला परत पाठवलं. याला कसलंही समर्थन नाही.

म्हापशेकर

आमच्या गोव्याकडची हकीकत थोडक्यात देतो. इथे अभिजात म्हणजे लॅटिन. पणजीचं लिसेव (सरकारी माध्यमिक शाळा) १८५४ चं, पोर्तुगीज माध्यमाचं. ते शिकून सरकारी खुर्ची मिळायची, पण खुर्च्या मोजक्याच. मुंबई आणि आफ्रिकेला जाणाऱ्यांना पाहिजे होती इंग्रजी. मग बार्देशात हडफड्याला १८८७ मध्ये फादर लायन्स यांनी सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली आणि मुलं मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करू लागली. विचार करा, राज्य पोर्तुगालचं आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाची!

हिंदू घरांतल्या मुलांचं तिसरंच. घरी किंवा देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) मराठी शाळामास्तर, मोडी, पाढे आणि दुकानाचा हिशेब. सरकारात शिरकाव कठीण होता. १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, धर्माची अट गेली आणि वातावरण बदललं. माझ्या आज्याला पोर्तुगीज सही करण्यापुरती यायची, मराठी पोथी वाचण्यापुरती आणि इंग्रजी मनिऑर्डर लिहिण्यापुरती. तिन्ही भाषा तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडून, तिन्ही फी देऊन.

नवी_वाचक

एक बाळबोध प्रश्न. सरकारनं त्या वेळी 'कॉमर्स' हा वेगळा मार्ग का नाही काढला? म्हणजे हे सगळं खासगी क्लासवर का पडलं?

पेरुगेटकर

बाळबोध नाही, नेमका प्रश्न आहे.

काढायचं ठरलं होतं. १८८२ ला शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला गेला. त्यानं शिफारस केली की हायस्कूलच्या वरच्या वर्गात दोन फाटे असावेत. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारा आणि दुसरा व्यापार-उदीम आणि इतर व्यावहारिक कामांची तयारी करून देणारा. कागदावर सुंदर. पण चांगल्या नोकरीचं दार मॅट्रिकच्या दाखल्यानं उघडत होतं. लग्नाच्या बाजारातही 'मुलगा मॅट्रिक आहे' याला भाव होता. मग दुसऱ्या फाट्याला कोण जाणार? शाळा तरी तो वर्ग कशाला चालवणार? योजना बहुतेक कागदावरच राहिली. ज्यांना हिशेब शिकायचा होता त्यांनी तो संध्याकाळी, वेगळी फी देऊन, शाळेच्या वेळेबाहेर शिकला.

त्याच आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. कुणी वाचलं नसेल तर अवश्य वाचा. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप. प्राथमिक शाळेत काय असावं याची त्यांनी यादी दिली : मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. मोडी आणि हिशेब! रोजकीर्द यांच्या पणजोबांच्या वहीच्या मागच्या बाजूला जे आहे, ते फुले गावच्या प्रत्येक पोरासाठी मागत होते, संध्याकाळची फी न घेता.

ताळेबंद

पेरुगेटकरांनी पुण्याचं सांगितलं, मी मुंबईचं सांगतो. व्यापारी शिक्षण मुंबईत खासगी माणसांनीच उभं केलं. १९०० साली सोहराब दावर यांनी दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्स काढलं. सरकारचं सिडनहॅम कॉलेज त्यानंतर तेरा वर्षांनी, १९१३ ला. मधल्या काळात आणि नंतरही फोर्टात, गिरगावात, दादरला जिन्याजिन्यावर पाट्या असत : टंकलेखन, लघुलेखन, हिशेब. पिटमनच्या लघुलेखनाच्या रेघोट्या हातावर काढत पोरं ट्रामनं जायची. माझे वडील त्यातलेच.

गिरणगाव यांनी बाबासाहेबांचा विषय काढलाच आहे तर पुढचं मी सांगतो, कारण आमच्या पेशातल्या लोकांनाही ते फारसं ठाऊक नसतं. १९१८ ते १९२० बाबासाहेब सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, वकिली सुरू केली, पण अस्पृश्य वकिलाकडे अशिलं येईनात. तेव्हा १९२५ ते १९२८ ते मुंबईत 'बाटलीबॉय्ज अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट' या खासगी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. करार, भागीदारी, हुंड्या (पैसे देण्याच्या देशी चिठ्ठ्या) आणि चेक यांचा कायदा, समोर कारकून आणि होतकरू हिशेबनीस. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा माणूस त्याच दिवसांत मुंबईत या मुलांना व्यापारी कायदा समजावून सांगत होता.

संस्कृतच्या वर्गानं ज्यांना नाकारलं, त्यांना हिशेबाच्या संस्थेनं शिक्षकाची खुर्ची दिली. आमच्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयाबद्दल मला या एका गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

गिरणगाव

ताळेबंदकाका, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. आज रात्री घरी मुलांना वाचून दाखवणार.

सोनचाफा

मुलींचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ ला सुरू झाली तेव्हा मुलींना इंग्रजी आणि वरचे विषय शिकवावेत का, यावरच केवढं रण माजलं. टिळकांचा विरोध होता, हेही लपवायचं कारण नाही. ज्या माणसानं मुलांसाठी शाळा काढली तोच मुलींच्या बाबतीत 'संसाराला उपयोगी तेवढंच' म्हणत होता.

आमची आजी १९४४ ला टायपिंग शिकली. क्लासचं नाव देत नाही. तिथे मुलींना मागच्या रांगेत, जुन्या मशिनवर बसवत आणि मोडकी कळ दुरुस्त करून देत नसत. तिच्या मशिनची एक कळ अडकायची. ती म्हणायची, 'ते एक अक्षर मी बोटानं ओढून काढत परीक्षा दिली.' पास झाली. संस्कृत तिला भावाच्या अभ्यासाच्या वेळी शेजारी भाकऱ्या थापता थापता आलं. भावाला रूपं आठवली नाहीत की तिकडून ही सांगायची. तिची वही नाही, कारण तिला वही मिळालीच नव्हती. रोजकीर्द, तुमच्या पणजोबांची आहे ती सांभाळा.

अंकलिपी

+१ सोनचाफा.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव अजून आलं नाही. ते न्यू इंग्लिश स्कूलात शिक्षक म्हणून लागले आणि त्यांनी तयार केलेलं अंकगणिताचं पुस्तक वर्षानुवर्षं शाळाशाळांतून चाललं. आमच्या घरी त्याची पुठ्ठा गेलेली प्रत होती. व्याज, काळ-काम-वेग, भागीदारीतला नफा. सरकारच्या अंदाजपत्रकावर कौन्सिलात ज्यांची भाषणं गाजली, त्यांचा हात आधी शाळेतल्या मुलांच्या उदाहरणांवर बसला होता. मला हे दुवे फार मोलाचे वाटतात.

मोडीताई

उशिरा आले. रोजकीर्द, मधल्या तीन पानांचे फोटो टाकता का? मोडी शिकवते. शाळकरी अक्षर असेल तर बहुतेक लागेल. फोटो उजेडात काढा, फ्लॅश नको, आणि पान सपाट करायला वर काही ठेवू नका.

रोजकीर्द

टाकलेत, ताई. तिसऱ्या पानाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय.

सोनचाफा, तुमच्या आजींचं वाचून घरात सगळे गप्प झाले. आमच्याही पणजीला सर्ग पाठ होते म्हणे. ते कसे, हे कधी कुणी विचारलंच नाही.

मोडीताई

लागलं. पहिली दोन पानं हुंडीचे प्रकार आहेत, मास्तरांनी सांगितलेले आणि मुलानं उतरवलेले. दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे द्यायची. मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. धनीजोग, म्हणजे धन्यालाच द्यायची. शाहजोग, म्हणजे बाजारात पत असलेल्या शहाच्या हातीच द्यायची. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की ती खोका. हुंडी करून देण्याचा आकार ती हुंडणावळ. खाली एक सूचना दोनदा अधोरेखित केली आहे : 'रक्कम अंकी, अक्षरी व निमे लिहावी.' म्हणजे शंभर रुपये लिहिले तर 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट' असंही लिहायचं. कुणी मागाहून एक शून्य वाढवलं तर निम्म्याशी मेळ बसत नाही आणि लबाडी उघडी पडते.

तिसरं पान हा सराव आहे. हुंडी लिहून दाखवायची. मी जसं लागलं तसं बाळबोधीत देते :

श्री. अलकापुरी शुभस्थान राजश्री कुबेरजी यांसी अयोध्येहून रघु याचा नमस्कार विशेष. तुम्हांवर हुंडी केली असे. मोहरा १४,००,००,००० अक्षरी चौदा कोटी, निमे सात कोटी, त्याचे दुप्पट पुरे. येथे ठेविले (जागा कोरी). जोग कौत्स, धनीजोग, दर्शनी, पोहोचतांच द्यावे.

कौत्स कोण, ते मला नीटसं आठवत नाही. कुणी सांगेल का?

अनुष्टुभ

ताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

रघुवंशाचा पाचवा सर्ग. कौत्स हा वरतंतूचा शिष्य. चौदा विद्या शिकून झाल्यावर 'गुरुदक्षिणा काय देऊ' असा हट्ट धरतो. गुरू आधी नको म्हणतात आणि मग चिडून सांगतात, विद्या चौदा, तर चौदा कोटी आण. कौत्स रघूकडे जातो. पण रघूनं नुकताच विश्वजित यज्ञ करून सगळं दान केलेलं असतं. तो पाहुण्याला अर्घ्य देतो तेही मातीच्या भांड्यातून, कारण सोन्याचं एकही उरलेलं नसतं. कौत्स ते भांडं बघतो आणि न मागताच निघू लागतो. रघू त्याला थांबवतो. धन आणायला कुबेरावर चालून जायचं ठरवतो. सकाळी निघणार, तर रात्रीतच कोषागारात सोन्याचा पाऊस पडलेला.

या मुलानं रघूला स्वारीवर पाठवलं नाही. हुंडी लिहायला लावली. आणि 'येथे ठेविले' पुढची जागा कोरी सोडली ती विसरून नव्हे. हुंडी करणाऱ्याकडे ज्यानं रक्कम ठेवली त्याचं नाव तिथे येतं. कौत्सानं रघूपाशी काहीच ठेवलं नव्हतं. ठेवायला त्याच्याजवळ होतं काय? सकाळचा सर्ग समजल्याशिवाय आणि संध्याकाळचा धडा समजल्याशिवाय ती जागा कोरी सोडता येत नाही.

ताळेबंद

वा! आणि कायद्यानंही त्यात खोट काढता आली नसती. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या (चेक, हुंड्या वगैरेंच्या) कायद्यानं देशी भाषेतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावलेला नाही. कुबेरानं सकारली असती तर हुंडी चोख होती.

रोजकीर्द

आम्ही सगळे वहीभोवती बसलोय. आईनं तिसरं पान भिंगाखाली धरलं. वाळवीनं खाल्लेल्या कोपऱ्याच्या वर लाल शाईत मोडीतले दोनच शब्द आहेत, मास्तरांच्या अक्षरात. मोडीताई, मी त्यांचा जवळून काढलेला फोटो टाकलाय. हे तेवढं सांगता का?

मोडीताई

'हुंडणावळ कोठे?'